फरशीवरचे व्याही

नौपाड्यातल्या टिपणिसांच्या घरी त्या रविवारी साडेअकराला पाहुणे यायचे होते. पाहुणे म्हणजे होऊ घातलेले व्याही. टिपणिसांचा मुलगा सौमित्र आणि डोंबिवलीची देवयानी धुरी यांनी आपापसात सगळं ठरवून टाकलं होतं. आईवडिलांनी एकमेकांना बघायचं आणि तारीख काढायची, एवढंच उरलं होतं. सौमित्र आणि देवयानी दोघंही त्यांना आणायला ठाणे स्टेशनवर गेली होती. घरात हेमाताई आणि त्यांचे यजमान बाळ टिपणीस, दोघंच.

बाळ हे त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हतं, पण एकोणसत्तर वर्षं तेच चिकटलं होतं. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात ते सुरक्षा अधिकारी होते. पस्तीस वर्षं त्यांनी लोकांना शिडी कशी लावावी, जड पेटी कशी उचलावी आणि आग लागल्यावर कुठल्या दाराने धावू नये हे शिकवलं. आठ महिन्यांपूर्वी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि डावी बाजू गेली. बोलणं मात्र शाबूत राहिलं. हेमाताईंची एक मैत्रीण म्हणाली होती, "देवाची कृपा, वाचा वाचली." हेमाताई त्यावर काही बोलल्या नव्हत्या.

हेमाताई तशा कुठेच फारसं बोलत नसत. एकतीस वर्षं वाचनालयात नोकरी केल्यामुळे त्यांचा आवाज कायमचा खाली बसला होता. भाजीवाल्याला 'कोथिंबीर' हा शब्द तीनदा सांगावा लागे.

तर त्या आठवड्यात बाळ टिपणिसांनी एक बेत केला होता. व्याही दारात आले की आपण खुर्चीतून उठून उभं राहायचं आणि नमस्कार करायचा. फिजिओथेरपिस्ट पायल आठवड्यातून तीनदा येई, तिच्या आधाराने ते उभे राहत आणि चार पायांची काठी धरून बाल्कनीपर्यंत जात. पण एकट्याने उठायचं नाही, असं तिने बजावलं होतं. "पहिल्या भेटीत माणूस उभा दिसला पाहिजे," असं टिपणिसांचं म्हणणं. तिकडच्या मंडळींना सौमित्रने 'बाबांना मध्ये जरा बरं नव्हतं' एवढंच सांगितलेलं. ते टिपणिसांच्याच सांगण्यावरून.

दहा वाजून वीस मिनिटांनी हेमाताई स्वयंपाकघरात वालाचं बिरडं करत होत्या. बाहेरून काहीतरी जड खाली टेकल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ यजमानांचा.

"हेमा, घाबरू नकोस. मी खाली आहे."

त्यांचं घर दुसऱ्या मजल्यावर. हेमाताईंना वाटलं, हे लिफ्टने खाली गेले की काय.

"खाली कुठे?" त्यांनी विचारलं.

"खाली म्हणजे फरशीवर."

त्या धावत बाहेर आल्या. इस्त्रीचा निळा शर्ट, भांग पाडलेले केस आणि पायात नवे मोजे अशा थाटात बाळ टिपणीस सोफ्याशेजारी उताणे पसरले होते. काठी दाराशी जाऊन पडली होती.

"अपघाताची वेळ दहा वीस," ते छताकडे बघत म्हणाले. "साक्षीदार नाही. कारण, मोजे गुळगुळीत."

"कारण, एकट्याने उठलात," हेमाताई म्हणाल्या आणि त्यांच्याजवळ गुडघ्यावर बसल्या. महिन्यापूर्वी पायलने एक अख्खी दुपार याच प्रसंगासाठी घालवली होती. पायल म्हणाली होती, "काकू, पडलेल्या माणसाला उठवायची घाई करायची नाही. जमीन कुठे जात नाही. आधी विचारायचं."

म्हणून त्यांनी विचारलं. डोकं आपटलं का? नाही, घसरत सावकाश आलो. मानेत दुखतंय? नाही. कमरेत, खुब्यात? नाही. उजवा पाय वाकवून दाखवा. दाखवला. दोन्ही पाय सारख्याच लांबीचे दिसतायत ना, तेही त्यांनी पाहिलं. डावा हात पाठीखाली अर्धा अडकला होता, तो त्यांनी कोपर आणि मनगट दोन्हीकडे आधार देऊन हलकेच सोडवला आणि पोटावर ठेवला. डोक्याखाली उशी दिली.

"आता उठव," टिपणीस म्हणाले.

हेमाताईंचं वजन सत्तेचाळीस किलो. यजमानांचं शहाऐंशी.

"उठायचं तुम्ही आहे," त्या म्हणाल्या. "मी नुसती बाजूला असणार. थांबा, तयारी करू द्या."

त्यांनी जेवणाच्या टेबलाच्या दोन शिसवी खुर्च्या ओढत आणल्या. एक समोर धरून उठायला, एक मागून बसायला. गुडघ्यांसाठी गोधडीची घडी आणली. यजमानांचे मोजे काढले आणि बॅगेचा रुंद पट्टा त्यांच्या कमरेभोवती नीट आवळला. मागची खुर्ची लोटायला दुसरं माणूस हवं होतं. सौमित्रला फोन करावा म्हणून त्यांनी मोबाईल घेतला.

"नको," टिपणीस म्हणाले. "तो पाहुण्यांना घेऊनच येईल. त्याच्या आधी मी खुर्चीत पाहिजे. अजून तास आहे."

आणि दारावरची बेल वाजली.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "उघडू नकोस," टिपणीस कुजबुजले. "सांग, मी घरी नाही."

"न उघडता कसं सांगू? आणि उघडलं तर हे पडलेले कोण म्हणून सांगू?"

बेल पुन्हा वाजली. हेमाताईंनी दार उघडलं.

दारात एक रुंद खांद्यांचा, पांढरा सदरा घातलेला गृहस्थ आणि मोरपंखी साडीतली एक ठेंगणी बाई उभी होती. बाईंच्या हातात मिठाईचा खोका होता.

"नमस्कार, मी शिवराम धुरी. देवयानीचा बाप," गृहस्थ म्हणाले. "ही मैथिली. अहो, लवकर आलो, माफ करा. पुतण्याचा टेम्पो वागळे इस्टेटला येत होता, म्हटलं गाडीची कटकट कशाला. पोरं स्टेशनवर उभी असतील, त्यांना फोन लागत नाही."

बोलता बोलता त्यांची नजर हेमाताईंच्या खांद्यावरून आत गेली आणि ते थबकले. फरशीवरून टिपणिसांनी उजवा हात वर केला.

"या, या," ते म्हणाले. "मी बाळ टिपणीस. सध्या एका हाताने नमस्कार करतो, गैरसमज नसावा."

शिवराम धुरींची डोंबिवलीत पिठाची गिरणी होती. चाळीस वर्षं त्यांनी गव्हाची पोती उचलली होती. कोणी खाली पडलेलं दिसलं की विचार करत उभं राहणाऱ्यांतले ते नव्हते. चपला काढून ते दोन ढांगांत आत आले.

"बाजूला व्हा वहिनी, ह्यात काय आहे. पन्नासची गोणी मी एका दमात घेतो," असं म्हणत ते खाली वाकले आणि त्यांनी टिपणिसांचा पोटावरचा डावा हात मनगटाला धरला.

"हात सोडा."

हे कोण ओरडलं ते हेमाताईंना स्वतःलाच क्षणभर कळलं नाही. समोरच्या बिल्डिंगच्या गॅलरीत कपडे वाळत घालणारी बाई वळून बघायला लागली. शिवराम धुरींनी हात सोडला आणि दोन पावलं मागे सरले. मैथिलीबाईंनी मिठाईचा खोका छातीशी धरला.

एकतीस वर्षांच्या वाचनालयाच्या नोकरीत हेमाताई कुणावर ओरडल्या नव्हत्या, आणि आज ओरडल्या त्या सौमित्रच्या सासऱ्यावर. होणाऱ्या. म्हणजे आता होतील की नाही कोण जाणे. त्यांचे कान गरम झाले.

"म्हणजे, तो हात ओढायचा नाही," त्या नेहमीच्या आवाजात म्हणाल्या. "त्या खांद्यात ताकद नाही. ओढला तर सांधा निखळतो. काखेत हात घालूनही उचलायचं नाही."

शिवराम धुरी त्या हाताकडे बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, काहीतरी वेगळंच होतं.

मग मैथिलीबाईंनी ती कोंडी फोडली. "उभं राहून काय बोलायचं," असं म्हणत त्यांनी साडी सावरली, सोफ्याचा आधार घेतला आणि टिपणिसांच्या पायांशी फरशीवर बसल्या. यजमान खाली असताना आपण सोफ्यावर बसणं त्यांना बरं दिसेना.

शिवरामपंतांनी डोळे मोठे केले. "अगो, तुका डॉक्टरान काय सांगल्यान?"

"गप ऱ्हवा," मैथिलीबाई हसऱ्या चेहऱ्याने म्हणाल्या.

शिवरामपंतही बसले. हेमाताई बसल्याच होत्या. अशा रीतीने दोन्ही घरच्या मंडळींची पहिली बैठक फरशीवर भरली. त्यातले तिघे मांडी घालून आणि एक उताणे.

"मला खरं तर उभं राहून तुमचं स्वागत करायचं होतं," टिपणीस म्हणाले. आता लपवण्यात अर्थ नव्हता. "आठ महिन्यांपूर्वी झटका आला. डावी बाजू गेली. सौमित्रने तुम्हाला नीट सांगितलं नाही, ते माझ्यामुळे. वाटलं, पहिल्याच भेटीत आजारी माणूस कशाला."

"माझ्यासाठी उभं राहत होतात?" शिवराम धुरींनी विचारलं. "मी गिरणीवाला माणूस. माझ्यासाठी बँकेतला शिपाईपण उभा राहत नाही."

टिपणीस हसायला लागले. उताण्या माणसाला नीट हसता येत नाही, त्यामुळे त्यांना ठसका लागला, आणि हेमाताईंनी ठरवलं की आता पुरे.

"धुरीसाहेब, तुम्ही ती समोरची खुर्ची भिंतीला टेकवून घट्ट धरा. ती तसूभरही हलता कामा नये," त्या म्हणाल्या. "मैथिलीताई, मी सांगितलं की दुसरी खुर्ची यांच्या मागे आणायची. नुसती लोटायची. जमेल?"

"हो हो," मैथिलीबाई म्हणाल्या.

"कामाला सुरुवात करण्यापूर्वी," टिपणीस म्हणाले, "प्रत्येकाने आपली जबाबदारी मोठ्याने..."

"तुम्ही बोलायचं नाही," हेमाताई म्हणाल्या. "श्वास उठायला लागणार आहे."

टिपणीस चक्क गप्प बसले.

हेमाताईंनी त्यांचा डावा गुडघा वाकवून पाऊल फरशीवर टेकवलं. टिपणिसांनी उजव्या हाताने डावा हात पोटाशी धरला आणि चांगल्या, उजव्या कुशीवर वळले. "आता कोपर." उजवं कोपर फरशीवर रोवून, मग तळवा दाबून ते हळूहळू उठून बसले. त्यांचं कपाळ घामाने भिजलं.

"थांबा. चक्कर येतेय?"

"नाही."

"खरं सांगा."

"थोडी."

मग दोन मिनिटं सगळे तसेच थांबले. शिवराम धुरी खुर्ची धरून असे बसले होते की जणू खुर्चीच उडून जाणार आहे. चक्कर गेल्यावर हेमाताईंनी गोधडी पुढे सरकवली. टिपणिसांनी उजवा हात खुर्चीच्या बैठकीवर ठेवला आणि त्या हाताच्या जोरावर दोन्ही गुडघ्यांवर आले. डाव्या अंगाला हेमाताई, त्यांचा हात कमरेच्या पट्ट्यात.

"आता उजवा पाय पुढे. पाऊल टेकवा. नाक खुर्चीच्या पुढे न्या. अजून. आता हात आणि पाय दाबून, वर."

शिवराम धुरींनी दोन्ही हात पुढे केले होते. हेमाताईंनी नुसतं पाहिलं, तसे त्यांनी ते परत खुर्चीवर ठेवले. टिपणिसांचा उजवा पाय थरथरला, चेहरा लाल झाला, हेमाताईंनी डाव्या गुडघ्याला आपल्या गुडघ्याचा अडसर दिला, आणि शहाऐंशी किलोचा माणूस कुणीही न उचलता फरशीवरून उठला. खुर्चीवर हात टेकून, वाकलेला, पण पायांवर.

"मैथिलीताई, खुर्ची," हेमाताई म्हणाल्या.

मागून काही आलं नाही.

"ताई, खुर्ची लोटा."

"अहो, लोटली असती हो," मैथिलीबाईंचा आवाज खालूनच आला. "मला उठता येत नाहीये."

डॉक्टरांनी त्यांना दोन वर्षांपूर्वी जमिनीवर बसायला मनाई केली होती. दोन्ही गुडघे झिजलेले. भिडेखातर त्या बसल्या, आणि आता गेली पाच मिनिटं कुणाच्या नकळत उठायची खटपट करत होत्या.

शिवरामपंत उठायला लागले.

"तुम्ही खुर्ची सोडायची नाही," हेमाताई आणि टिपणीस एकदम म्हणाले.

शिवरामपंत पुन्हा बसले. टिपणिसांचा पाय आता चांगलाच थरथरत होता. त्यांना पुन्हा गुडघ्यावर उतरवावं का, असा विचार हेमाताईंच्या मनात आला, तेवढ्यात मागे फरशीवर खरखर झाली. मैथिलीबाईंनी हात मागे टेकले होते, मोरपंखी साडी पोटरीपर्यंत गोळा केली होती आणि दोन्ही पावलांनी त्या शिसवी खुर्ची पुढे लोटत होत्या. जोडवी लाकडावर वाजत होती. खुर्ची वीतभर सरकली, मग आणखी हातभर, आणि टिपणिसांच्या पोटऱ्यांना येऊन टेकली. मैथिलीबाईंनी तळपाय तसेच दाबून धरले.

"टेकली," टिपणीस म्हणाले आणि हेमाताईंच्या आधाराने सावकाश मागे बसले.

सगळ्यांनी श्वास सोडला. हेमाताईंनी त्यांचा डावा हात उचलून मांडीवरच्या उशीवर ठेवला आणि स्वतः सोफ्याच्या हातावर टेकल्या.

नेमके तेव्हा दार ढकलून सौमित्र आणि देवयानी आत आले. स्टेशनवर पाऊण तास उभं राहून दोघं वैतागलेली होती. त्यांनी पाहिलं ते असं: बाबा खुर्चीत, घामाघूम, कमरेला बॅगेचा पट्टा. देवयानीचे पप्पा एका रिकाम्या खुर्चीला मिठी मारून. आणि देवयानीची आई फरशीवर, पाय पसरून.

"मम्मी," देवयानी किंचाळलीच आणि आईचे हात धरायला धावली.

"त्यांना हात लावू नका," खुर्चीतून बाळ टिपणीस गरजले. "आधी विचारायचं."

मैथिलीबाईंना गुडघ्यावर यायला सांगणं शक्यच नव्हतं. तेच तर दुखत होते. हेमाताईंनी थोडा विचार केला, मग सौमित्रला माळ्यावरून चौरंग काढायला लावला आणि देवघरासमोरचा जाड पाट आणला. चौरंग भिंतीला टेकवला, त्याच्यापुढे पाट. मैथिलीबाई हात मागे टेकून आधी पाटावर चढल्या, तिथे दम खाल्ला, मग पाटावरून चौरंगावर. चौरंगावरून सोफा म्हणजे काहीच नव्हतं. सत्यनारायणाच्या जागी बसावं लागल्याबद्दल त्यांनी मात्र सोफ्यावर गेल्यावर चौरंगाला हात लावून नमस्कार केला.

"माझी बायको वाचनालयात होती," टिपणीस शिवरामपंतांना म्हणाले. "मला वाटायचं, सुरक्षा मला कळते."

जेवायला बसायला एक वाजला. बिरडं करपल्याचा वास सगळ्यांना येत होता आणि सगळ्यांनी ते दोनदा मागून घेतलं. शिवरामपंत मात्र गप्प गप्प होते. आपण ओरडलो ते त्यांना लागलंच, असं हेमाताई धरून चालल्या होत्या. ताक वाढताना त्या हळूच म्हणाल्या, "मघाशी मी जरा मोठ्याने..."

"वहिनी," शिवरामपंत म्हणाले, "माझा थोरला भाऊ गावाला असतो, धोंडीबा. त्याचंही असंच डावं अंग गेलं, दीड वर्ष झालं. मी गेलो की रोज सकाळी मी आणि चुलतभाऊ त्याला दोन्ही हातांना धरून उचलतो. तो ओरडतो. आम्ही म्हणतो, आजारपणाने चिडका झालाय." ते थांबले. "तुम्ही ओरडलात ना, तेव्हा मला तो दिसला."

टिपणिसांनी उजव्या हाताने पाण्याचा तांब्या त्यांच्याकडे सरकवला.

"मला पुन्हा एकदा दाखवाल?" शिवरामपंतांनी विचारलं. "पहिल्यापासून."

जेवणं झाल्यावर शिवराम धुरी आपणहून फरशीवर उताणे झोपले. डावी बाजू गेली असं समजायचं, असं ठरलं. देवयानीने मोबाईलवर चित्रण सुरू केलं. पहिल्या खेपेला त्यांनी डावा हात टेकवलाच. दुसऱ्या खेपेलाही. तिसऱ्या खेपेला सौमित्रने तो हात ओढणीने पोटाशी बांधून टाकला, तेव्हा पोती उचलणारा तो माणूस कुशीवर वळता वळता धापा टाकायला लागला आणि फरशीवरूनच म्हणाला, "हे भलतंच जड काम आहे."

"पण जमतं," खुर्चीतून टिपणीस म्हणाले. "आणि फिजिओला एकदा घरी बोलवा. खांदा आधी तपासून घ्या."

संध्याकाळी टेम्पो आला तेव्हा मैथिलीबाई लिफ्टमध्ये शिरता शिरता आठवून म्हणाल्या की तारखेचं बोलायचं राहिलंच. ते मग पुढच्या रविवारी, शिवरामपंत गावाला गेलेले असताना, फोनवर झालं. त्या फोनवर पहिली वीस मिनिटं मात्र त्यांची वहिनी, म्हणजे धोंडीबाची बायको रखमाबाई, बोलत होती. तिने चित्रण चार वेळा पाहिलं होतं, कणकवलीहून एक फिजिओ येऊन गेला होता, आणि शनिवारी धोंडीबा एकदाही न ओरडता ओसरीवरच्या खुर्चीत बसला होता. बसल्यावर त्याने पहिली गोष्ट काय केली असेल, तर धाकट्या भावाला शिव्या घातल्या.

"बऱ्याच घातल्या," शिवरामपंत फोनवर म्हणाले. आवाजावरून ते खूश वाटत होते.